हात न लावता सरकणारा आकडा

कंट्रोलर टेबलावर नुसता पडलेला असतो, तरी पडद्यावरचं पात्र आपोआप डावीकडे चालू लागतं. खेळणारे म्हणतात, ‘स्टिकला ड्रिफ्ट आला.’ हे घडतं कसं?

बहुतेक स्टिकच्या बुडाशी दोन चिमुकले पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा, तोच हा भाग. आत कार्बनचा पातळ पट्टा आणि त्यावर घासत फिरणारा धातूचा स्पर्शक. स्पर्शक जागचा हलला की व्होल्टेज बदलतं आणि चिप त्याचा आकडा करते. अंगठ्याची केसभर हालचालही अशी मोजली जाते! पण घासून घासून कार्बन झिजतो, धूळ शिरते, स्प्रिंग सैलावते. मग मधोमध परतलेली स्टिकही भलताच आकडा सांगते.

तो आकडा आपल्याला पाहता येतो. कंट्रोलर संगणकाला जोडा आणि ब्राउझरमधलं एखादं गेमपॅड टेस्टर उघडा. प्रत्येक अक्षाचा आकडा तिथे उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये दिसतो. आधी हात काढून घ्या आणि थांबा. मग स्टिक चारही दिशांना ढकलून सोडा. दर वेळी ती त्याच जागी परतते का, पाहा. शेवटी ती कडेकडेने सावकाश फिरवा. आकडा मध्येच उडी मारत असेल, तर पट्टा झिजल्याचा किंवा आत धूळ असल्याचा संशय घ्या.

गंमत म्हणजे कोऱ्या करकरीत स्टिकचा आकडाही सहसा नेमका शून्य नसतो. म्हणून गेम मधल्या भागातली हालचाल चक्क सोडून देतात, हाच डेडझोन. गेमना कंट्रोलरचे आकडे पुरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या प्रणालीत डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग! आपल्याला जाणवणारी स्थिरता अशी गणिताने राखलेली असते.

घासणंच टाळायचा मार्गही आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या स्टिकमध्ये संवेदक चुंबकाची जागा स्पर्शाविना ओळखतो. सेगाच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये असा संवेदक १९९८ मध्येच होता. स्प्रिंग मात्र तिथेही थकू शकते.

म्हणून वापरलेला कंट्रोलर विकत घेताना पैसे देण्याआधी ही चाचणी करा. आकडा किंचित सरकलेला असेल, तर डेडझोन थोडा वाढवून भागतं. उड्या मारत असेल, तर स्टिक साफ करणं किंवा बदलणं हाच उपाय.