काळजी करणे आणि काळजी घेणे

मित्रहो, गेल्या वेळच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतली एक मी खिशात घालून घरी नेली. एका आईने लिहिलेली आहे. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला, पंधरा-पंधरा दिवस फोन लागत नाही, रात्री झोप नाही. आणि मंडळीतल्या कोणीतरी त्यांना सुनावलं की चिंता करणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप. खाली बाईंचा प्रश्न एका ओळीचा आहे : ‘सर, मग मी आई होणं सोडून देऊ का?’

आज दुसरा विषय ठरला होता. तो राहू दे.

डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग आपल्याला पाठ आहे. मत्तयाचा सहावा अध्याय, पंचविसाव्या वचनापासून पुढे. आकाशातली पाखरं, रानातली भूकमळं. इतका पाठ आहे की त्याची सुरुवात कशी होते हे आपल्या लक्षातच येत नाही. ती होते ‘म्हणून’ने. आता वाक्य ‘म्हणून’ने सुरू झालं की मी वर्गात विचारायचो, बाबांनो, आधी काय झालंय ते सांगा. इथे आधी काय झालंय? आधी येशूने सांगितलंय की एका माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची. म्हणून चिंता करू नका. म्हणजे बघा, हा विषय मन शांत ठेवण्याच्या युक्त्यांचा नाहीच मुळी. तुमचा धनी कोण, हा विषय आहे. चिंता ही त्या धन्याने लावलेली हजेरी आहे, रात्री दोन वाजता सुद्धा!

आणि ऐकणारे कोण होते? गालीलातले कोळी, शेतकरी, रोजंदारीवाले. ज्यांची भाकरी खरोखरच रोजची होती. पोट भरलेल्या माणसाने पोट भरलेल्यांना दिलेला हा सल्ला नव्हे.

पाखरांबद्दलही एक गैरसमज आहे. पाखरं पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, हे खरं. पण पाखरू घरट्यात चोच उघडून बसतं का? ते पिल्लू बसतं. मोठं पाखरू उजाडल्यापासून दाणा शोधत असतं, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त राबतं. आणि पाखरं मरतातही. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात जमिनीवर पडणाऱ्या चिमणीचा उल्लेख आहे. चिमणी पडणारच नाही, असं वचन कुठेही नाही. ती पित्याच्या नजरेबाहेर पडत नाही, एवढंच आहे. सहाव्या अध्यायाच्या शेवटीही येशू प्रत्येक दिवसाला त्याचं त्याचं दुःख असतं, हे मान्य करूनच थांबतो.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, इथेच बाईंचं उत्तर आहे. चिंता करणे यासाठी मत्तयात जे ग्रीक क्रियापद आहे, ते ‘मेरिम्नाओ’. पौलाने हेच क्रियापद फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात दोनदा वापरलं आहे. चौथ्या अध्यायात तो म्हणतो, कशाचीही चिंता करू नका. पण त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, तो तीमथ्याची शिफारस करतो. कशासाठी? तर हा माणूस तुमची मनापासून काळजी करील म्हणून. क्रियापद तेच! एकाच पत्रात एकदा निषेध, एकदा कौतुक. आणि हे पत्र पौल बंदिवासातून लिहितो आहे, हेही विसरू नका. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते, असं तो स्वतःच सांगतो.

मग पौल गोंधळला होता का? नाही. आपल्या मराठीतही हीच गंमत आहे. मुलगा गावाला निघाला की आई म्हणते, ‘काळजी घे,’ आणि मुलगा म्हणतो, ‘काळजी करू नकोस.’ शब्द एकच. घेणे आणि करणे, एवढाच फरक. घेतलेली काळजी समोरच्या माणसाकडे जाते. तिला हातपाय असतात, ती डबा भरते, स्वेटर ठेवते, डॉक्टरकडे नेते. केलेली काळजी मात्र स्वतःभोवतीच फिरते, घाण्याच्या बैलासारखी. चालतो खूप, पोचत कुठेच नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आपली सगळी चिंता देवावर टाका असं आहे. ‘टाका’साठी जे क्रियापद तिथे आलंय, ते नव्या करारात फक्त आणखी एकदा येतं : लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात, शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात तिथे. उचलायचं आणि दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून द्यायचं, इतकी ती साधी, हाताने करायची कृती आहे. आणखी एक. मूळ वाक्यरचनेत हे टाकणं स्वतंत्र आज्ञा म्हणून येत नाही. आधीच्या वचनातली आज्ञा आहे, देवाच्या हाताखाली लीन व्हा, आणि टाकणं तिला जोडून येतं. म्हणजे ओझं टाकणं हा नम्रतेचा भाग आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा लाज वाटली, कारण त्याचा उलटा अर्थ असा की माझ्या चिंतेत गुपचूप अहंकार बसलेला असतो. मी जागा राहिलो नाही तर जहाज बुडेल, असा. आणि त्याच वचनात पुढे देव तुमची काळजी घेतो असं येतं, तिथे ‘मेरिम्ना’ नाही, वेगळंच क्रियापद आहे. देव काळजी करत बसत नाही. घेतो.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द पाखरं आणि कमळांच्या या उताऱ्याकडे पुन्हा पुन्हा आला. 1847मध्ये, 1848मध्ये, 1849मध्ये. त्याच्या 1848च्या प्रवचनांत एक दृष्टांत आहे तो मला फार आवडतो. नाव वल्हवणारा माणूस, तो म्हणतो, जिथे जायचं त्या दिशेला पाठ करून बसतो. तरच त्याला जोर लावता येतो. उद्याचंही तसंच आहे. उद्याकडे पाठ केली म्हणून नाव थांबत नाही, उलट आजच्या वल्ह्यात बळ येतं. सारखी मान वळवून किनारा बघणाऱ्याची नाव गोल गोल फिरते.

पण कोणी म्हणेल, प्राध्यापकांना काय जातंय बोलायला. म्हणून मी पंडिता रमाबाईंकडे येतो. या बाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचलेला नव्हता. 1870च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, थोरली बहीण, तिघेही गेले आणि त्या भावासोबत अनवाणी देशभर भटकल्या. पुढे अमेरिकेत त्यांच्या कामासाठी संस्था निघाली, तिने दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं, आणि 1889मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आता दहा वर्षांनंतर काय? रमाबाईंनी डोळे मिटून ‘देव बघेल’ असं म्हटलं नाही. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नावर काम चालावं, हा हिशोब. याला मी अविश्वास म्हणणार नाही. पाखरू दाणा शोधतं, त्यातलाच हा प्रकार.

खरी कसोटी पुढे आहे. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मदतीची मुदत संपत आलेली, बाग अजून लहान, आणि मुली रस्त्यावर मरताहेत. हिशोबी माणूस म्हणाला असता, आधी बाग फळू दे, आपलं आपल्याला पुरू दे, मग बघू. रमाबाई गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, तिथे त्यांना ठेवता येईना. मग केडगावच्या त्याच जमिनीवर त्यांची सोय झाली आणि तिथून मुक्ती सदन उभं राहिलं. अकराव्या वर्षासाठी लावलेली बाग नवव्या वर्षी आलेल्या मुलींच्या आड आली नाही, त्यांना निवारा झाली. त्यांनी तजवीज केली, पण तजविजीला धनी होऊ दिलं नाही. ‘म्हणून’ शब्दाचा अर्थ मला मत्तयापेक्षा केडगावात जास्त नीट कळला.

रमाबाईंना दुःख चुकलं असंही नाही हं. 1921मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्याआधी गेली. वर्षभरात त्या स्वतः गेल्या. तोपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी चालूच ठेवलं होतं.

आता बाई, तुमच्या चिठ्ठीकडे. गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होता. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो. तो त्याचा अविश्वास होता का? ज्याने तुम्हाला पाप म्हटलं त्याने ते पान वाचलेलं नसावं. माझ्या पत्नीच्या तपासणीचा अहवाल यायला आठ दिवस लागले होते, त्या आठ रात्री मी, चिंतेवर व्याख्यानं देणारा माणूस, छताची कौलं मोजत होतो. तेव्हा एका गृहस्थाने माझाही विश्वास मोजला होता. कौलं मोजणं परवडलं.

तर जहाजावरच्या मुलासाठी तुमचं काळीज हलतं, त्याला पाप म्हणू नका. त्यातलं काय घ्यायचं आहे आणि काय टाकायचं, ते रोज रात्री वेगळं करा. जहाज कंपनीचा नंबर वहीत लिहून ठेवणं, त्याला चार ओळी लिहून ठेवणं, शेजारच्या ज्या घरातला मुलगाही असाच दूर आहे तिथे जाऊन बसणं, हे घ्या. समुद्र सांभाळणं टाका, ते तुमच्याकडे कधी नव्हतंच. सकाळी ओझं परत खांद्यावर दिसेल. दिसू दे, पुन्हा टाका. आणि महिनोन्महिने झोपच नसेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वासाची परीक्षा देत नाही, तसंच हे.

वेळ संपली आहे, मागून खुणा होताहेत. ईयोबाचा विषय पुढच्या वेळी घेऊ. आता चिठ्ठ्या पुढे पाठवा, आणि अक्षर जरा मोठं काढा, माझा चष्मा जुना आहे.