कपाट उघडून मोजा

"पान तेवीस," मॅडम म्हणतात.

सकाळचे पावणेसहा वाजले आहेत आणि मी अजून दारातच छत्री मिटते आहे. बाहेर पावसाची भुरभुर आहे. आत जेवणाच्या टेबलावर आजच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका उघडी आहे आणि तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. काही विषयांपुढे एक उभी रेघ, काहींपुढे तीन. तीन रेघा म्हणजे त्या खातेप्रमुखाला आज उभं राहून उत्तर द्यावं लागणार.

"मागच्या सभेचा अनुपालन अहवाल. वाचा."

"उपकेंद्राच्या छताची दुरुस्ती. कार्यवाही सुरू आहे."

"आता त्याच्या आधीच्या सभेतला वाचा."

शब्दाला शब्द तोच.

"म्हणजे नेमकं काय सुरू आहे? अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता मिळाली, की निविदा निघाली? उपअभियंत्यांना फोन लावा. सहाला उठतात ते."

ते उठलेले असतात. अंदाजपत्रकच अजून तालुक्याहून आलेलं नाही, असं कळतं. मॅडम शेजारची निळ्या पुठ्ठ्याची वही ओढतात. डाव्या पानावर कोणत्या सभेत कोणी काय कबूल केलं ते, तारखेसह. उजव्या पानावर त्याचं पुढे काय झालं ते. उजवी पानं बरीच कोरी आहेत. आज त्यातल्या एकावर एक ओळ येते. मग चहा येतो आणि मला बसायला सांगितलं जातं.

मी जिल्हा परिषद अध्यक्षांची स्वीय सहायक आहे. मराठवाड्यातला आमचा जिल्हा. मॅडमची जागा महिलांसाठी राखीव. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. घराणं राजकारणातलं, त्यामुळे गावाकडून येणारी माणसं त्यांना 'वहिनी' म्हणतात, कार्यालयात आम्ही 'मॅडम' म्हणतो आणि सभेत त्या 'अध्यक्षा महोदया' असतात. त्या निवडून आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे फायलींचा गठ्ठा आला होता आणि सही कुठे करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. चिठ्ठ्या लावणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, तशी रीतच पडली होती. मॅडमनी गठ्ठा घरी नेला. परत आला तेव्हा सह्या थोड्या फायलींवर होत्या आणि बाकीच्यांवर प्रश्न. अध्यक्षांना जिल्हा परिषदेचे अभिलेख पाहण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याने दिला आहे. तो अधिकार कोणी असा रोजच्या रोज वापरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हापासून माझं काम बदललं. भेटीच्या वेळा, सत्काराचे हार, प्रवासभत्त्याची बिलं हे सगळं आहेच. पण त्यांना माझ्याकडून हवी असते माहिती, तीसुद्धा तपासलेली. मडकं घेताना वाजवून बघावं तसं त्या माझं प्रत्येक वाक्य वाजवून बघतात. 'कळलं' म्हटलं की विचारतात, कोणाकडून? 'झालंय' म्हटलं की विचारतात, तुम्ही पाहिलंत की ऐकलंत? सुरुवातीला मी दमून घरी जायची. आता घरी नवऱ्यालाही मी तसंच विचारते.

"पान तेवीसचा खालचा परिच्छेद," मॅडम म्हणतात. "तो तक्ता काढा."

त्या परिच्छेदात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे डीएचओंच्या, विभागाने लिहिलं आहे, 'जिल्ह्यात सर्पदंशावरील लसीचा साठा पुरेसा आहे', आणि पुढे जिल्ह्याचा एकूण आकडा. विषयपत्रिका हातात आली त्याच रात्री मॅडमनी 'पुरेसा' या शब्दाखाली रेघ मारली होती. एकूण आकडा त्यांना नकोच होता. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किती व्हायल आहेत, ते त्यांना हवं होतं.

मी काल दुपारभर फोनवर होते. पहिल्याच केंद्राच्या फार्मासिस्टनी पटकन आकडा सांगितला, तेव्हा मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हातानेच खूण केली, थांबा. "रजिस्टर वाचू नका म्हणावं. कपाट उघडून मोजा. आणि व्हायलवरची मुदतीची तारीख वाचून दाखवा." मग प्रत्येक फोनवर मी तेच वाक्य म्हणत गेले. काहींना राग आला. एक जण शांतपणे म्हणाले, "बाई, थांबा, किल्ली आणतो." मला पलीकडून कपाटाचं दार कुरकुरलेलं ऐकू आलं, काचेवर काच वाजलेली ऐकू आली. मग आकडा आला. रजिस्टरपेक्षा तो कमी होता, कारण दोन रात्रींपूर्वी वापरलेल्या व्हायलची नोंद राहून गेली होती.

हा तपशील मॅडमना इतका का लागतो, ते शेतावर राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जून-जुलैत पेरणी, मग खुरपणी. हात सतत गवतात आणि मातीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. पण विषाची लक्षणं दिसायला लागली की सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल द्याव्या लागतात. केंद्रात चार व्हायल असतील तर रजिस्टरमध्ये तो साठा असतो, पण खाटेवरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही. सपाट भागात साधारण ३०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलेलं असतं. तिथून जिल्हा रुग्णालय दीड तासावर आणि मधल्या ओढ्याला पाणी आलं तर त्याहूनही लांब. औषध भांडाराच्या फळीवरचा खोका त्या वाटेवर काही कामाचा नाही.

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवते. नदीपलीकडच्या तीन केंद्रांत एका रुग्णापुरत्याही व्हायल नाहीत. एका केंद्रात भरपूर आहेत, पण बऱ्याच व्हायलची मुदत ऑगस्टमध्ये संपते. भांडारात खोके बंद पडून आहेत, कारण मागणीपत्र आलं नाही तर माल हलत नाही.

"काल रात्री डीएचओंना पाठवलंत?"

"नऊ वाजता. त्यांनी वाचलाय."

"बरं झालं. त्यांना सभेत अडकवायचं नाहीये मला. उत्तर हवंय."

हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही. लोक मॅडमना करड्या समजतात आणि त्या आहेतही. पण सभेत विचारायचा प्रश्न त्या अधिकाऱ्याला आदल्या दिवशी कळवतात. तयारीला वेळ दिल्यावरही जो रिकाम्या हाताने येतो, त्याच्यावरच त्यांचा आवाज चढतो. दोन तालुक्यांचा कार्यभार सांभाळणारा, रिक्त पदांनी गांजलेला अधिकारी आणि न वाचता सही करणारा अधिकारी हे त्यांच्या लेखी वेगळे आहेत. माझ्या नोकरीत मी भलेभले पाहिले. हा फरक करणारी माणसं थोडी.

साडेनऊला आम्ही निघतो. ड्रायव्हरदादा गाडी काढतात, मी पुढे बसायला जाते तर मॅडम म्हणतात, "मागे या. तुम्ही विरोधी सदस्य व्हा. विचारा मला."

हा आमचा सभेच्या दिवशीचा नेम आहे. मी विचारते, "अध्यक्षा महोदया, भांडारात साठा असताना केंद्रं रिकामी का?"

त्या उत्तर देतात. मागणीपत्राची पद्धत, वाहनाची अडचण, आजचा आदेश.

"लांबलं," त्या स्वतःच म्हणतात. "सदस्य ऐकणार नाहीत." पुन्हा सांगतात, आता तीन वाक्यांत. "पुढचा."

मी लस खरेदीचं विचारते, निधीचं विचारते. त्यांना सगळं येतं.

"यापेक्षा अवघड विचारा."

तक्ता माझ्या मांडीवर आहे. मला सकाळपासून एक गोष्ट दिसते आहे आणि ती बोलावी की नाही, हे ठरत नाहीये. शेवटी मी विचारते, "अध्यक्षा महोदया, जिल्ह्यात सगळ्यात जास्त साठा तुमच्याच गटातल्या केंद्रात कसा?"

ड्रायव्हरदादा आरशातून एकदा मागे बघतात. मॅडम तक्ता हातात घेतात, चष्मा लावतात, ओळ शोधतात. ऑगस्टमध्ये मुदत संपणाऱ्या व्हायल आहेत ते केंद्रही हेच. कुणी तिथे जास्त माल पाठवायला सांगितलं नसेल. अध्यक्षांचा गट म्हणून मागणी न करताही तिथे माल पोचतो, एवढंच.

"बरोबर आहे," त्या म्हणतात. "डीएचओंना फोन लावा. भांडारातून खोके निघायचे तेव्हा निघतील. पहिल्या व्हायल माझ्या गटातून उचलून नदीपलीकडे द्या. मुदत जवळची आहे, तिथे आधी वापरल्या जातील. माझ्या केंद्रात दोन रुग्णांपुरत्या ठेवा." मग थोड्या वेळाने, खिडकीतून बाहेर बघत, "हे आधी का नाही बोललात?"

"आत्ताच विचारायला सांगितलंत, मॅडम."

त्या मान डोलावतात. मला बरं वाटतं. या बाईंपुढे अवघड प्रश्न विचारता येतो. मी इथून बदली मागत नाही, त्याला कारण एवढंच.

सभागृहाच्या बाहेर आजवरच्या अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फलक आहे. राज्यात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, तिथून तो सुरू होतो. वरच्या ओळींत पुरुषांचीच नावं. मॅडम त्याच्याकडे न बघता झपाझप आत जातात. व्यासपीठावर उपाध्यक्ष, सभापती, सीईओ साहेब आणि सचिव म्हणून डेप्युटी सीईओ. मी मॅडमच्या खुर्चीमागे स्टुलावर, मांडीवर फायली, प्रत्येकीला रंगीत चिकटपट्टी. त्या मागे न बघता हात पसरतात तेव्हा हवी तीच फाइल त्या हातात पडायला हवी.

मागील सभेचं इतिवृत्त कायम होतं. मग रस्त्यांवरून गदारोळ. अर्धा तास कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. शिक्षकांच्या बदल्या निघतात, मग एका शाळेच्या पडक्या भिंतीवरून दोन सदस्य एकाच वेळी उभे राहतात. मॅडम मध्ये बोलत नाहीत. छताच्या दुरुस्तीचा विषय येतो तेव्हा मात्र 'कार्यवाही सुरू आहे' एवढं म्हणून बांधकामचे कार्यकारी अभियंता खाली बसायला जातात आणि मॅडम विचारतात, "अंदाजपत्रक कोणत्या तारखेला येणार?" ते थांबतात. मागे वळून उपअभियंत्यांकडे बघतात. तारीख मिळते. निळ्या वहीत जाते.

मग पान तेवीस. जिल्हा आरोग्य अधिकारी उभे राहतात. हातात आदेशाची प्रत आहे. कोणत्या केंद्रातून कोणत्या केंद्रात किती व्हायल, कोणत्या वाहनाने, कधी, हे ते केंद्रनिहाय वाचतात. पहिलं नाव मॅडमच्या गटातल्या केंद्राचं आहे. सभागृहात हळूहळू आवाज कमी होतो. नदीपलीकडचे सदस्य आपापल्या केंद्राचा आकडा लिहून घेतात. गाडीत तयार केलेले प्रश्न कोणी विचारतच नाही.

विरोधी बाकावरचे एक ज्येष्ठ सदस्य उभे राहतात. धोतर, टोपी, आवाज खणखणीत. "अध्यक्षा महोदया, व्हायल आल्या, आनंद आहे. पण रात्री दोन वाजता आमच्या केंद्रावर डॉक्टर मुक्कामी नसतो. ती टोचणार कोण? शिपाई?"

बाकं वाजतात. मॅडमचा हात मागे येत नाही. या प्रश्नावर माझ्याकडे कागद नाही, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या पोटात गोळा येतो.

"तुमचा प्रश्न बरोबर आहे, नाना," त्या म्हणतात. "मी साठा तपासला, रात्रीचा मुक्काम तपासला नाही. आज माझ्याकडे उत्तर नाही. कोणत्या केंद्रात रात्री कोण हजर असतं, याची यादी पुढच्या स्थायी समितीत ठेवते. तुम्ही स्थायीत नसलात तरी त्या दिवशी या."

सदस्य क्षणभर उभेच राहतात. त्यांनी भांडणाची तयारी केली होती, ती तशीच राहते. सभेत 'माहिती घेऊन सांगतो' रोजच ऐकू येतं. पण काय तपासलं आणि काय राहिलं, याची फोड करून सांगणारी व्यक्ती मी व्यासपीठावर क्वचितच पाहिली आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी मी पेन काढून पॅडवर लिहू लागते: केंद्रनिहाय, वैद्यकीय अधिकारी, मुख्यालयी राहतात का, निवासस्थान राहण्याजोगं आहे का. शेवटचा मुद्दा मॅडम विचारणारच. गळक्या क्वार्टरमध्ये कोणी राहावं, अशी अपेक्षा त्या धरत नाहीत.

सचिव ठराव वाचायला घेतात. "सर्पदंशाच्या लसीचा साठा सर्व केंद्रांत शक्य तितक्या लवकर..."

"ते 'शक्य तितक्या लवकर' काढा," मॅडम म्हणतात. "तारीख लिहा. परवाची. आणि विभाग लिहू नका, पदनाम लिहा. कोण पाठवणार, कोण मोजून घेणार, दोन्ही. दर महिन्याच्या पाच तारखेला केंद्रनिहाय साठा मुदतीच्या तारखांसह या कार्यालयाकडे येईल, हेही घ्या."

सचिव खोडतात, लिहितात, पुन्हा वाचतात. सीईओ साहेब मान हलवून होकार देतात.

"सूचक?"

"माझं नाव घ्या," विरोधी बाकावरून नाना म्हणतात.

"अनुमोदक?"

चार-पाच हात वर होतात. सचिव पहिलं नाव लिहून घेतात. मॅडम पान उलटतात आणि त्यांचा हात मागे येतो. हिरवी चिकटपट्टी, पाणीपुरवठा. मी फाइल देते.

"विषय क्रमांक दहा," त्या म्हणतात. "हातपंप दुरुस्ती. कार्यकारी अभियंता, उभे राहा."