आर्ट्सच्या पोरांचा संगणक कोण चालू करणार?

नॅकची समिती येणार असली की कला महाविद्यालयाच्या संगणक कक्षाला रंग लागतो, दारावर नवी पाटी लागते. समिती गेली की दाराला कुलूप लागते. किल्ली कोणाकडे? ग्रंथपालाकडे, नाहीतर ज्या क्लार्कला थोडेफार कॉम्प्युटर येते त्याच्याकडे. त्याच्या टेबलावर परीक्षेचे फॉर्म, पगारबिले आणि शिष्यवृत्तीच्या याद्या. तो बिचारा किती जणांना पुरणार?

सायन्सला प्रयोगशाळा आहे म्हणून तिथे प्रयोगशाळा सहायक आणि परिचर अशी पदे आहेत. कला शाखेत भूगोल, गृहअर्थशास्त्र असे प्रात्यक्षिकाचे विषय सोडले, तर मराठी, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्याला खडू-फळ्यापलीकडे काही लागत नाही, असे व्यवस्थेने कधीकाळी गृहीत धरले. संगणक बिघडला तर देखभालीच्या कराराचा माणूस अकोल्याहून किंवा अमरावतीहून येतो, यंत्र सुरू करतो आणि जातो. यंत्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण त्याच्या करारात नसते.

आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांत कला शाखेला येतो कोण? दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, तेल्हारा या पट्ट्यातला शेतमजुराचा मुलगा येतो. घरातली पहिली पदवी घ्यायला निघालेली मुलगी येते. म्हणजे आपलीच पोरे. ‘आर्ट्सवाल्यांना कॉम्प्युटर कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी त्या मुलीचे एक वर्ष पाहावे.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तो आधी विद्यार्थ्याच्या लॉगिनवर, मग महाविद्यालयाच्या, मग समाजकल्याणच्या. दाखल्याचे स्कॅन पुसट आले की अर्ज परत. आधार बँक खात्याशी जोडलेले नसले की पैसे अडतात. मुलगी नेट कॅफेत पैसे मोजते, पासवर्डही तिथल्याच वहीत राहतो. मुदत टळल्यावर तिला कळते. शिष्यवृत्ती कोणी नाकारलेली नसते, तरी ती मिळालेली नसते! जुन्या काळी दाराशी अडवणारा माणूस तरी दिसायचा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मराठी विभागांतून कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टमध्ये टंकन झाले. अशी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. अंध विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. यावर युनिकोड हा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पण तो बसवून देणारा, प्राध्यापकांना दोन दिवस शिकवणारा माणूस लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर जाऊ लागले. त्यात दलित साहित्यावरचे, चळवळीच्या इतिहासावरचे मराठी प्रबंधही आहेत. पण जे जुन्या फॉन्टमध्ये आहेत किंवा नुसते स्कॅन करून चढवले आहेत, त्यांच्या आतला शब्द शोधून सापडत नाही. आपल्या संशोधकाने पाच-सहा वर्षे घासून लिहिलेले पुढच्या संशोधकाला दिसतच नसेल, तर चळवळीचे ते नुकसान कोणत्या हिशेबात धरायचे?

महाविद्यालयांसाठी ई-पुस्तकांची आणि नियतकालिकांची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० मध्ये आली. तिचा पासवर्ड विद्यार्थ्याला महाविद्यालयामार्फतच मिळायचा. नाव नोंदवणारा कोणी नसेल तर भरलेली वर्गणी पाण्यात.

१९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची अडचण पाहून महाविद्यालयाने आपली घडी बसवायची, ही ती दृष्टी. तिच्या हिशेबाने आज प्रत्येक अनुदानित कला महाविद्यालयात तांत्रिक सहायकाचे मंजूर पद हवे. कंत्राटी नको, अकरा महिन्यांचा माणूस बाराव्या महिन्यात कुठे शोधायचा? आणि कक्ष तास संपल्यापासून गावाकडची एसटी सुटेपर्यंत उघडा हवा, कारण खेड्यातल्या मुलीला तेवढाच वेळ असतो.

विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. मते मागायला येतील तेव्हा आपल्या संघटनांनी त्यांच्यापुढे हे पद ठेवावे. त्याआधी एक काम आजच करता येईल. आपापल्या तालुक्यातल्या अनुदानित कला महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: संगणक किती, त्यांतले चालू किती, कक्ष गेल्या वर्षी विद्यार्थ्यांसाठी किती तास उघडा होता आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?