स्पीकरमधून शिट्टी येतेय? अल्टरनेटर बदलण्याआधी अर्थ तपासा

दिवाळीत मामाकडे शहापूरला गेलो होतो. नागपूर-भंडारा महामार्गावरचं हे गाव. मामेभाऊ रोज याच रस्त्यानं सवारी नेतो. महिन्यापूर्वी त्यानं जुन्या गाडीच्या डिक्कीत अँप आणि सबवूफर बसवून घेतला, आणि तेव्हापासून स्पीकरमधून बारीक शिट्टी. "रेस वाढवली का शिट्टी बी वाढते, दादा." बसवणाऱ्यानं सांगितलं, अल्टरनेटर गेला, नवीन टाका. खर्च सात-आठ हजार. भाऊ पैसे जमवायला लागला होता.

शिट्टी अल्टरनेटरचीच असते, हे खरं. पण म्हणून तो खराब असतो असं नाही. अल्टरनेटर एसी वीज बनवतो, आतले डायोड तिची डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच. साधारण १२ पोलचा अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट फिरतो असं धरा. इंजिन ८०० आरपीएमवर असताना ही लहर सेकंदाला सुमारे १,२०० वेळा येते, २,००० आरपीएमवर ३,००० वेळा. आपला कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तिखट! प्रश्न एवढाच, की ती लहर गाण्यात शिरते कुठून?

पहिली चाचणी फुकटची. गाडी बंद ठेवून फक्त चावी फिरवली, शिट्टी नाही. सेल्फ मारला, आली. मग डेकचा आवाज शून्यावर नेला, तरी शिट्टी तेवढीच. आवाजासोबत ती कमी-जास्त झाली असती, तर दोष डेकच्या आधी, म्हणजे फोन किंवा ऑक्स वायरकडे असता. इथे तो डेकच्या पुढे होता. अँप बंद करून त्याच्या आरसीए केबल काढल्या, पुन्हा चालू केला, तर एकदम शांत. म्हणजे अँप ठीक.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट. चार्जिंग व्यवस्थित होतं, बॅटरीही कधी उतरली नव्हती. आता एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलला लावलं आणि गाणं मोठ्यानं लावलं. मीटरवर ०.४ व्होल्ट! तिथे ०.१ च्या बरंच खाली हवं. डिक्कीत मॅट उचलली तर अर्थचा स्क्रू थेट रंगावर कसलेला, वायर पॉझिटिव्हच्या निम्म्या जाडीची.

हिशेब सोपा आहे. अँपनं २० अँपिअर ओढले आणि जोडणीत ०.०२ ओहम रोध असला, तरी ०.४ व्होल्ट पडतात. डेकचा अर्थ डॅशबोर्डला, अँपचा डिक्कीत, आणि दोन्हींना जोडणारी आरसीए केबलची जाळी. मागचा रस्ता अडला की थोडा प्रवाह त्या जाळीतून वाट काढतो आणि लहर सोबत नेतो. अँप तिलाही गाणं समजून मोठी करतो.

बॅटरीचा निगेटिव्ह काढला (हे विसरू नका), पॉलिश पेपरनं रंग घासून पत्रा चकचकीत केला, पॉझिटिव्हएवढ्याच जाडीची दीड फुटाच्या आतली वायर लावून बोल्ट घट्ट कसला, वरून गंज धरू नये म्हणून थोडं ग्रीस. जागा निवडताना सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही आणि ड्रिल मारायचंच असेल, तर खाली पेट्रोलची टाकी नाही ना, ते आधी बघायचं. मीटरवर आता ०.०३.

शिट्टी गेली, पण पूर्ण नाही. फोन ऑक्सला लावून त्याच वेळी लायटरच्या चार्जरवर ठेवला की बारीक सूर येई, आणि ही आवाजाच्या बटणासोबत वाढायची. चार्जर काढला, संपली. तिथेही तसलाच दुसरा अर्थचा फेरा. ऑक्सवर ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो, पण स्वस्तातले बेस खातात. भावानं गाणी ब्लूटूथवर घेतली.

अल्टरनेटर तोच आहे. आता त्याला दाराच्या पॅनेलचा खडखडाट ऐकू येतोय, तो आधी शिट्टीखाली दबला होता.