चिंच, गोठा आणि काडतूस

आमच्या घरात थ्री नॉट थ्री रायफलीच्या दोन रिकाम्या पुंगळ्या आहेत. आजोबांचे धाकटे भाऊ फौजेत होते, त्यांनी त्या आणलेल्या. दोन्हींच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरे आहेत. म्हणजे त्या १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या. एक आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी माजघरात उदबत्तीचे घर म्हणून वापरात होती. दुसरी कित्येक वर्षे गोठ्यातल्या कोनाड्यात पडून होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत दोन्ही हाती आल्या. माजघरातली काळवंडली होती, पण धड होती. गोठ्यातलीच्या मानेवर मात्र केसासारखी उभी चीर गेलेली. ठोक्याची खूण नाही, पोचा नाही. ही चीर आली कुठून, हा प्रश्न तेव्हा मनात राहून गेला.

त्याच सुमारास टेक्सासमधल्या भाच्याचा फोन आला. तो हौसेने नेमबाजी करतो. तिथे स्वतःपुरती काडतुसे पुन्हा भरणे कायदेशीर आहे. (आपल्याकडे परवान्याशिवाय ते करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, हे आधीच सांगतो.) काडतुसाचे भाग चार: पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. त्यांतली पुंगळी तेवढी मागे उरते आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. तीच सगळ्यांत महाग, म्हणून सारी काटकसर तिच्यावर. "मामा, हजारभर पुंगळ्या साचल्यात. घासायचं यंत्र महाग आहे. अमोनियाचं पाणी स्वस्त मिळतं, त्यात रात्रभर बुडवून ठेवू का? पितळ लखलखीत होतं म्हणतात."

मी धातुशास्त्र शिकलेलो नाही. जे कळते ते वाचून आणि करून पाहून. पण अमोनिया हा शब्द ऐकला आणि मला गोठा आठवला.

काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती दाबून वाटी करतात आणि ती वाटी थंड अवस्थेतच ओढून ओढून लांब करतात. थंड ओढण्याने पितळ कडक आणि लवचिक होते. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगून रायफलीच्या कोठीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडी आक्रसते. तेव्हाच ती बाहेर काढता येते. पण त्या ओढण्याचा ताण धातूच्या पोटात राहून जातो. वरून काही दिसत नाही.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानात लष्कराची काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. न उडवलेली, नुसती ठेवलेली. त्यामुळे या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या इंग्लंडमधल्या धातुतज्ज्ञांनी १९२१ साली त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. घोड्यांच्या पागेत मुतारीतून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि जिथे ताण आहे तिथे कणाकणांच्या सांध्यांतून आत शिरतो. ताण, अमोनिया, ओलावा आणि हवा एकत्र आली की चीर जाते. उपायही त्यांनी सांगितला: पुंगळी बेताची तापवून आतला ताण काढून टाकायचा. लष्करी काडतुसांच्या मानेवर जी निळसर-तपकिरी छटा दिसते, ती मान तापवून मऊ केल्याची खूण असते. ती मळ समजून घासत बसू नये.

आमच्या गोठ्यातही तेच झाले असावे. एका पुंगळीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण घोड्याच्या जागी गाय-बैल ठेवले तर बाकी सगळे जुळते.

मग स्वस्तात साफ करायचे कसे? उत्तर आईच्या हातात होते. ती समई चिंचेने घासत होती. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक. ही सौम्य आम्ले पितळेवरचा काळा थर विरघळवतात, खालच्या धातूला फारसा धक्का लावत नाहीत. भाच्याला मी हेच सांगितले. आधी उडालेले प्रायमर काढ. झाकणाच्या डब्यात कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा थेंब आणि लिटरला लहान चमचाभर लिंबूसत्व घाल. पाच-दहा मिनिटे हलव, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धू आणि पूर्ण वाळव. आत ओल राहिली तर दारू सर्दावते. पितळ गुलाबी दिसू लागले तर आम्ल किंवा वेळ जास्त झाला, जस्त निघू लागले असे समज. व्हिनेगरमध्ये मीठ घालून बुडवू नकोस, तेही पितळ खाते. वाळवायला जाळावर धरू नकोस. बूड मऊ पडले तर बाराचा दाब ते पेलणार नाही आणि वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल.

आणखी एक बजावले. प्रायमरच्या काजळीत शिसे असते. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात कोरड्या पुंगळ्या घोळवल्या की ती धूळ श्वासात जाते. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही. तरी डबा स्वयंपाकघरातला नको, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

"पण चमकणार नाहीत तितक्या," तो म्हणाला. चमकायला नकोच आहेत. धुण्याचा हेतू एवढाच, की रेतीकचऱ्याने साच्याला ओरखडे पडू नयेत आणि चीर असेल तर ती भरण्याआधी डोळ्यांना दिसावी. त्याने धुतल्या, तेव्हा सात पुंगळ्यांच्या माना चिरलेल्या निघाल्या. मळाखाली त्या दिसत नव्हत्या. त्याने त्या भंगारात टाकल्या.

माजघरातली पुंगळी आईने चिंचेने घासून पुन्हा उदबत्तीला लावली आहे. गोठ्यातली मी तशीच ठेवली आहे, टेबलावर, चीर समोर येईल अशी.