खमंग चादर कोणी म्हणत नाही

सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला आलेले गिऱ्हाईक शेंगा चटणीला ‘खमंग’ म्हणेल, चादरीला कधीच म्हणणार नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरे नि लाल तिखट तेल सुटेपर्यंत उखळात कुटले की तो शब्द आपोआप तोंडात येतो. कोणते विशेषण कुठे शोभते, हे मातृभाषेत आपण कानाने शिकतो. इंग्रजी शिकताना मात्र ‘टेम्प्टिंग’, ‘अल्युअरिंग’, ‘टँटलायझिंग’ या तिन्हींपुढे वहीत एकच अर्थ लिहितो: मोहक. घोटाळा इथेच होतो, कारण तिन्हींचा मोह सारखा नाही. ‘टेम्प्टिंग’ केक असतो, सवलत असते, नोकरीचा देकारही असतो. हो म्हणावेसे वाटते आणि आवरावेसेही वाटते. ‘अल्युअरिंग’ रूपाला, सुगंधाला लागते. ‘टँटलायझिंग’ सर्वांत छळवादी. ग्रीक पुराणातला टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरते. फळाला हात घातला की वारा फांदी उडवून नेतो. 1802 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्ग यांना एक नवे मूलद्रव्य सापडले. त्याचे ऑक्साइड आम्लात बुडवले तरी आम्ल काही घेईना, म्हणून त्यांनी त्याचे नाव टँटलम ठेवले. तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरातून नुसता वास यावा आणि ताट मात्र आपले नसावे, अशा वेळी हे विशेषण नेमके बसते.

व्युत्पत्तीवर इतके विसंबावे का, असे कोणी विचारील. विसंबू नयेच. ‘एंटायसिंग’च्या मुळाशी लॅटिनमधले जळते लाकूड आहे, पण तो शब्द वापरताना आग कोणाच्या डोक्यात नसते. कथा लक्षात ठेवायला कामी येते. वापर कळतो तो शब्दाच्या संगतीवरून. 1987 साली निघालेल्या कोबिल्ड शब्दकोशाने म्हणूनच प्रत्यक्ष वापरातले इंग्रजी गोळा केले आणि अर्थही पूर्ण वाक्यांत दिले. वहीतही ‘टेम्प्टिंग ऑफर’ अशी जोडी लिहावी, सुटा शब्द नको. परीक्षेला एक अर्थ पुरतो, हा आक्षेप वाचनापुरता खरा आहे. पण सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात आणि त्यांच्या वेष्टनावर इंग्रजी लिहावे लागते. तिथे ‘टँटलायझिंग टॉवेल’ छापले, तर अंग पुसायला घेताच तो हातातून निसटेल की काय, असे गिऱ्हाइकाला वाटायचे. टॉवेलला ‘सॉफ्ट’ पुरे. किंमत खुशाल ‘टेम्प्टिंग’ असू द्यावी.