जुना संगणक, हलका न्यूजरीडर

एमएस-सीआयटीची लाट आली तेव्हा वाशीम, रिसोड, मंगरुळपीरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पेंटियम फोर आले. पाठोपाठ घरांत कोअर टू ड्युओ आले. यांतले कितीतरी आज कापडाखाली झाकून पडले आहेत. चालू होतात, टायपिंगही होते. पण ब्राउझर उघडला की एक जीबी रॅम बघता बघता भरते आणि माउसचा बाण जागीच अडकतो. दोष यंत्राचा नाही. आजचे वेबपान सहज दोन एमबीचे असते आणि त्यात वाचण्याजोगा मजकूर काही केबींचाच. ज्या जाळ्यात मुळात मजकूरच फिरतो, तिथे हाच संगणक आजही पुरून उरतो. ते जाळे म्हणजे यूजनेट.

1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि 1980 मध्ये ती चालू झाली. यात मुख्य संगणक असा कोणताच नाही. अकोल्याहून निघालेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा जसा गावोगावी उतरत जातो, तसा प्रत्येक लेख एका सर्व्हरवरून शेजारच्या सर्व्हरवर आणि तिथून पुढच्यावर जातो. प्रत्येक लेखाला स्वतःची वेगळी ओळखखूण असते. हा लेख आपल्याकडे आधीच आला आहे, असे त्यावरून सर्व्हरला कळते आणि तो दुसऱ्यांदा घेतला जात नाही. विषयवार विभागांना न्यूजग्रुप म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली बातमी 25 ऑगस्ट 1991 रोजी अशाच एका ग्रुपवर, कॉम्प डॉट ओएस डॉट मिनिक्सवर दिली होती.

आपल्याकडे या तंत्राचा पाया मुंबईत घातला गेला. 1986 मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट प्रकल्प सुरू झाला आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून यूयूसीपी पद्धतीने ई-मेल जाऊ-येऊ लागली. सुरुवातीचे यूजनेटही याच यूयूसीपीवर चालत होते: लाइन जोडायची, साठलेले सगळे एकदम द्यायचे-घ्यायचे आणि लाइन सोडायची. पुढे 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळात परदेशात शिकणारी मराठी मुले सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी या ग्रुपवर रोमन लिपीत मराठी लिहीत, कारण तिथे देवनागरी लिहिण्याची सोपी सोय नव्हती. ही अडचण मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्यासाठी न्यूजरीडर, म्हणजे यूजनेट वाचण्याचा प्रोग्रॅम, निवडताना तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

न्यूजरीडर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद अगदी तुटक असतो. 1986 च्या एनएनटीपी नियमांप्रमाणे रीडर ‘ग्रुप’ हा शब्द आणि त्यापुढे ग्रुपचे नाव पाठवतो. सर्व्हर 211 हा संकेतांक, एकूण लेखांचा अंदाज, पहिल्या लेखाचा क्रमांक आणि शेवटच्या लेखाचा क्रमांक अशी एक ओळ परत देतो. मग रीडर फक्त शीर्षकांची यादी मागतो आणि तुम्ही बोट ठेवाल तोच लेख आणतो. काय वाचून झाले याची नोंद तुमच्याच संगणकावर ‘न्यूजआरसी’ नावाच्या साध्या फाइलमध्ये राहते: ग्रुपचे नाव, विसर्गासारखे कोलन आणि पुढे 1-8450, 8453 असे आकडे. कोलनच्या जागी उद्गारचिन्ह असेल तर तो ग्रुप तुम्ही सोडलेला आहे. हे क्रमांक प्रत्येक सर्व्हरचे वेगळे असतात. म्हणून सर्व्हर बदलला तर जुनी फाइल तशीच नेऊ नका, नाहीतर न वाचलेले लेख वाचलेले दिसतील.

आता निवड. रॅम 512 एमबी किंवा त्याहून कमी असेल, तर स्लर्न किंवा टिन. दोन्ही टर्मिनलमध्ये, नुसत्या कीबोर्डवर चालतात आणि मोजक्या एमबींत भागवतात. इंग्रजी वाचनासाठी मला स्लर्न अधिक आवडतो. कोणाचे लेख वर आणायचे आणि कोणाचे दिसूच द्यायचे नाहीत, हे ठरवणारी त्याची गुण देण्याची पद्धत फार उपयोगी आहे. पण मराठीसाठी थांबा. लिनक्सच्या निव्वळ अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटत नाही आणि जुन्या एक्सटर्ममध्ये काना-वेलांट्या व जोडाक्षरे सुटी होतात. एमएलटर्मसारखे भारतीय लिपींची सोय असलेले टर्मिनल त्यासाठी घ्यावे लागते. एक जीबी रॅम असेल तर सरळ पॅन घ्या. त्याच्या खिडकीत देवनागरी नीट जुळून येते, माउसही चालतो. थंडरबर्डमध्येही न्यूजग्रुप वाचता येतात, पण एवढ्या जुन्या यंत्राला तो जड जातो.

ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? 32 बिटच्या यंत्रावर डेबियन 12 बसते. 2025 च्या डेबियन 13 ने असल्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली, हे लक्षात ठेवा. विंडोज एक्सपीच ठेवायची असेल तर ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करा, नाहीतर मराठी तुटलेली दिसेल. आउटलुक एक्सप्रेसमध्ये न्यूजग्रुपची सोय आहेच. मात्र एक्सपीला आजचे सुरक्षित टीएलएस जोड कळत नाहीत आणि तिला सुरक्षा अपडेटही मिळत नाहीत. म्हणून तिथे बँकेचा किंवा ई-मेलचा पासवर्ड यूजनेटसाठी मुळीच वापरू नका. माझे स्पष्ट मत आहे की एवढ्यासाठी तरी लिनक्स घालावेच.

सर्व्हर म्हणून इटर्नल सप्टेंबर चांगला. तो फक्त मजकुराचे ग्रुप ठेवतो, विनामूल्य आहे, नाव नोंदवावे लागते. पत्ता ‘न्यूज डॉट इटर्नल-सप्टेंबर डॉट ऑर्ग’. सुरक्षित जोडासाठी पोर्ट 563, साध्यासाठी 119. लेखावर खरा ई-मेल पत्ता छापू नका. शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ असलेला पत्ता चालतो. तो कुणाचाच असू शकत नाही, असे इंटरनेटच्या नियमांतच ठरले आहे. ग्रुपची सगळी यादी एकदाच उतरवून घ्या आणि त्यातले चार-पाचच ग्रुप निवडा. शीर्षकेही सुरुवातीला शेवटची दोन-तीनशेच मागवा. हजारोंची यादी मागवली तर पॅनसुद्धा दमतो.

वीज जाते, नेट तुटते, तिथे तर ही व्यवस्था फार कामी येते. स्लर्नबरोबर येणारा स्लर्नपुल किंवा लीफनोड हा छोटा सर्व्हर रात्री निवडक ग्रुपचे नवे लेख हार्डडिस्कवर आणून ठेवतो. वाचन सकाळी, नेट नसताना. उत्तर लिहून ठेवले तर पुढच्या जोडणीत ते निघून जाते. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत जुने दहा संगणक असतील तर त्यांतल्या एकावर लीफनोड घालून बाकी नऊ त्यालाच जोडता येतात. बाहेरचे नेट त्या एकालाच लागते.

22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलने आपल्या ग्रुप्समधून यूजनेटवर नवे लिहिण्याची सोय बंद केली. तिथून येणारा जाहिरातींचा कचरा त्यानंतर थांबला आणि कॉम्प डॉट लँग डॉट सीसारख्या ग्रुपवर चर्चा पुन्हा नीट वाचता येऊ लागली. मराठी ग्रुप मात्र शांत आहे. रोमनमध्ये लिहिणारी ती पिढी पांगली आणि देवनागरीत लिहिणारे तिथे फारसे पोहोचलेच नाहीत.

तेव्हा संगणक भंगारात देण्याआधी पॅन बसवा. लिपीसाठी यूटीएफ-8 निवडा, आधी अल्ट डॉट टेस्टवर चार ओळी टाकून अक्षरे नीट परत येतात का ते बघा. मग आपल्या शेतातल्या सोयाबीनबद्दल, पोहरादेवीच्या यात्रेबद्दल, काय वाटेल त्यावर मराठी ग्रुपवर एक लेख लिहा. उत्तर यायला चार दिवस लागले तरी लिहीत राहा.